वादळ ओसरल्यानंतरचा हिशेब

चक्रीवादळाची वाट नकाशावर एका रेषेने दाखविली जाते. ‘निसर्ग’ वादळाची रेषा ३ जून २०२० रोजी अलिबागच्या दक्षिणेस किनाऱ्याला टेकली आणि ईशान्येकडे वळून विरून गेली. महाड आणि पोलादपूर हे तालुके त्या रेषेवर नव्हते. ते तिच्या उजव्या अंगाला होते. परंतु उत्तर गोलार्धात वाऱ्याचा जोर याच अंगाला अधिक असतो. डोंगरवाड्यांतील घरांचे पत्रे उडाले, विजेचे खांब कोसळले, आंबा-काजूची झाडे उन्मळून पडली.

पत्रे पुन्हा चढविता येतात. झाडाचे तसे नाही. भाताचे पीक बुडाले तर एका हंगामाचे उत्पन्न जाते. आंब्याचे झाड पडले तर भांडवलच जाते. नव्या कलमाला फळ धरण्यास चार-पाच वर्षे लागतात आणि भरघोस उत्पन्नासाठी त्याहूनही अधिक. त्या वर्षी टाळेबंदीमुळे मुंबईतील चाकरमान्यांची मिळकतही थांबली होती. म्हणजे कोकणी कुटुंबाचे दोन्ही आधार एकाच वेळी निखळले.

शासनाने तेव्हा फळबागांची मदत हेक्टरी ५० हजार रुपयांपर्यंत वाढविली, हे योग्यच झाले. परंतु कोकणातील बाग गुंठ्यांत मोजावी लागते. दहा गुंठ्यांच्या धन्याला या दराने पाच हजार रुपये मिळत होते, तेही एकदाच. एवढ्यावर नवे झाड फळाला येईपर्यंतची वर्षे कशी निभवावीत?

ती वर्षे निसर्गही मोकळी सोडत नाही. जुलै २०२१ मध्ये सावित्रीच्या पुराने महाडची बाजारपेठ बुडाली. तळिये येथे दरडीखाली ८० हून अधिक माणसे गेली. पोलादपूर तालुक्यातील केवनाळे आणि साखर-सुतारवाडी येथेही दरडींनी बळी घेतले. पहिल्या आघातातून न सावरलेल्या तालुक्यांवर साधारण वर्षभरानंतर दुसरा आघात झाला.

तिजोरीला मर्यादा आहेत, हे मान्य. म्हणूनच प्रश्न केवळ रकमेचा नसून पद्धतीचा आहे. मदत क्षेत्रावर न देता झाडागणिक द्यावी, आणि नवे कलम फळाला येईपर्यंत ती वार्षिक हप्त्यांनी चालू ठेवावी. वादळ काही तासांत निघून जाते. त्याचे नुकसान मात्र वर्षानुवर्षे मुक्कामाला राहते. पंचनामा पहिल्याचा होतो, दुसऱ्याचा होत नाही. मदतीच्या नियमांतील ही उणीव पुढच्या वादळापूर्वी भरून निघाली पाहिजे.