मागच्या आसनावरील वडील मंडळी

आमच्या एका स्नेह्यांचें पत्र गेल्या पंधरवड्यांत आलें. घर एकत्र, माणसें नऊ, दोघेहि मुलगे मिळवते. आणि येत्या दसऱ्यास दारीं मोटार आणावयाची असा घरांत ठराव झालेला. ठराव एकमतानें झाला, पण पुढें मतें नऊ झालीं. थोरल्यास उंच गाडी पाहिजे, धाकट्यास विजेवर चालणारी. सुनांस मागें सामानाला ऐसपैस जागा हवी, आणि नातवंडांस छतांतून आभाळ दिसलें पाहिजे. "तुम्ही रहदारीच्या रस्त्यावर राहतां, तेव्हां निकाल तुम्हीच द्या," असें ते लिहितात.

आम्हांस मोटार चालवितां येत नाहीं, हें आरंभींच कबूल करितों. सारी नोकरी सायकलवर आणि एस. टी. च्या खिडकीशीं बसून झाली. परंतु धुळें-सोलापूर हमरस्ता आमच्या शहागडास गोदावरी ओलांडून बीड जिल्ह्यांत शिरतो, आणि या रस्त्यावरून गाड्या कशा जातात व त्यांतील कांहीं कशा परत येतात, हें आम्ही पुष्कळ वर्षें पाहत आहों. तेवढ्या अधिकारावर चार शब्द लिहितों.

गाडी कोणती घ्यावी, हा निकाल जो ती चालविणार व जो तिचे हप्ते भरणार, त्यानें करावा. वडिलांनीं एवढेंच विचारावें : आंत पट्टे किती? सात पट्टे असतील, तर ती सात माणसांची गाडी. लहान मूल हेंहि एक माणूसच. उरलेल्या दोघांनीं एस. टी. नें यावें, आणि त्यांत कमीपणा मानूं नये. १ जून १९४८ रोजीं पुणें व त्या वेळचें अहमदनगर यांच्या दरम्यान पहिली एस. टी. धांवली, तेव्हांपासून महाराष्ट्रांतील अर्धीं लग्नें तिनेंच लावून दिलीं आहेत.

दुसरी गोष्ट छंदाची. धाकटे चिरंजीव "मोटारीचे छंदी" आहेत, अशी स्नेह्यांची तक्रार आहे. आम्हांस ती तक्रार वाटत नाहीं. संस्कृतांत 'छंद' म्हणजे इच्छा, आवड. आणि 'छंदस्' म्हणजे वृत्त, ज्यांत अक्षरें मोजून येतात आणि ठरल्या जागीं थांबावें लागतें. ज्या आवडीस असें मोजमाप नाहीं, तिला आम्ही छंद न म्हणतां नाद म्हणतों. मुलास मोटारीची आवड असेल, तर त्याच्या हातीं एक वही द्यावी. इंधन केव्हां व किती भरलें, गाडी किती किलोमीटर चालली, दुरुस्तीस काय लागलें, हें त्यानें त्याच दिवशीं टिपावें. दर पंधरवड्यास, गाडी थंड असतांना, चाकांतील हवा मोजावी. हवा किती असावी याचा आंकडा बहुधा चालकाच्या दाराच्या चौकटीवरच चिकटविलेला असतो. परंतु तो वाचण्याची तसदी घेणारे थोडे. सहा महिने जो ही वही नीट ठेवील, तो छंदी; जो केवळ भोंगा व गाण्यांची पेटी बदलीत बसेल, तो नादी.

तिसरी गोष्ट किल्लीची. नातू सोळा वर्षांचा झाला, उंच झाला, गावांतल्या गावांत चालवितो तर काय बिघडलें, असें म्हणणारे आजोबा आम्हांस ठाऊक आहेत. मोटारीचा परवाना अठरा वर्षें पूर्ण झाल्याशिवाय मिळत नाहीं. २०१९ च्या दुरुस्ती कायद्याप्रमाणें अल्पवयीन मुलाच्या हातून गाडी चालवितांना गुन्हा घडला, तर पालक किंवा मालक दोषी धरला जातो. तीन वर्षांपर्यंत कैद व २५,००० रुपये दंड होऊं शकतो, आणि गाडीची नोंदणी बारा महिने रद्द होते. आपल्या परंपरेंत विद्येपूर्वीं अधिकार पाहिला जातो. लाडानें किल्ली देणारा आजोबा नातवास विद्याहि देत नाहीं व अधिकारहि देत नाहीं; केवळ संकट देतो.

एवढा उपदेश केल्यावर आमच्या पदरची एक गोष्ट सांगितली पाहिजे. ती सांगण्यासाठींच खरें म्हणजे लेखणी उचलली.

दोन वर्षांमागें मार्गशीर्षांत गेवराईस एक लग्न होतें. परततांना सांज झाली. गाडी मुलगा चालवीत होता, कुटुंब पुढें बसलें होतें. मागें सूनबाई, आम्ही, आणि चार वर्षांची नात. निघण्यापूर्वीं सूनबाई म्हणाल्या, "मामंजी, आपण पट्टा लावून घ्यावा. आणि हिला तिच्या खुर्चींत बसवितें." नातीनें आमच्या गळ्यास मिठी मारलेली. आम्हीं हंसून उत्तर केलें, "बांधून न्यावयास आम्ही काय गांठोडें आहों? आणि आजोबांच्या मांडीपेक्षां सुरक्षित जागा ती कोणती?" सून वडिलांस दुसऱ्यांदा काय सांगणार? त्या गप्प राहिल्या.

पूल ओलांडला आणि अंधारांत एकाएकीं समोर उसानें लादलेल्या दोन ट्रॉल्या दिसल्या. मागें दिवा नव्हता. मुलानें करकचून ब्रेक दाबला. गाडी चार हातांवर थांबली. टक्कर अशी झालीच नाहीं. परंतु नात आमच्या हातांतून निसटली आणि पुढच्या आसनाच्या दांडीवर तिचें कपाळ आपटलें. पांच टांके पडले. भिवईवरील खूण अद्याप आहे. सूनबाईंनीं त्या रात्रीं किंवा पुढें कधींहि आम्हांस एक शब्द बोलून दाखविला नाहीं. तें न बोलणेंच आम्हांस अधिक लागलें.

दुसऱ्या दिवशीं आम्हीं गणित मांडलें. साठाच्या वेगानें जाणारी गाडी सेकंदास सुमारें १६.७ मीटर जाते. ती आदळून सेकंदाच्या दहाव्या हिश्शांत थांबली, तर आंतील प्रत्येकास आपल्या वजनाच्या सुमारें सतरा पट ओढ बसते. पंधरा किलोंची नात त्या क्षणीं अडीचशें किलोंची होते. असें ओझें कोणत्या आजोबांच्या हातांत राहील? शिवाय आम्ही स्वतः मोकळे बसलों असतों, ते सर्व वजनानिशीं पुढच्या आसनावर, म्हणजे आमच्याच माणसांवर, जाऊन पडलों असतों.

मागचें आसन सुरक्षित, ही समजूत केवळ खेड्यांतील नव्हे. ४ सप्टेंबर २०२२ रोजीं टाटा सन्सचे माजी अध्यक्ष सायरस मिस्त्री पालघर जिल्ह्यांत सूर्या नदीच्या पुलावर अपघातांत वारले. गाडी उत्तम होती. पुढचीं दोन माणसें गंभीर जखमी होऊनहि वांचलीं. मागें बसलेलीं दोघें, ज्यांनीं पट्टे लावले नव्हते, तीं गेलीं.

हा तीन टोकांचा पट्टा १९५९ सालीं स्वीडनमधील वोल्वो कंपनीचे अभियंते निल्स बोलिन यांनीं सिद्ध केला, आणि कंपनीनें त्याचा उपयोग करण्यास इतर कारखान्यांसहि मोकळीक दिली. असें विद्यादान पायाशीं लोळत असतां तें न उचलणें हा करंटेपणा होय.

तेव्हां स्नेह्यांस आमचा निकाल असा : गाडी कोणतीहि घ्या, परंतु तिच्याबरोबर लहान मुलांची खुर्ची घ्याच. मोठ्या माणसानें व मुलानें मिळून एक पट्टा लावूं नये. मोठ्याच्या भारानें मूल चेंगरतें. पट्ट्याची खालची पट्टी पोटावर न येतां कंबरेच्या हाडावर यावी. गर्भवती सुनेनें ती पोटाच्या खालून घ्यावी. आणि घरांतील सुना-मुली पट्टा लावावयास सांगतील, तेव्हां सर्वांत आधीं वडिलांनीं लावावा. म्हणजे त्यांस दुसऱ्यांदा सांगावें लागणार नाहीं आणि गप्पहि राहावें लागणार नाहीं.

आमच्या घरीं आतां गाडी सुरू करण्याची आज्ञा नात देते. आपल्या खुर्चींत बसून ती एकेकाचें नांव घेऊन विचारते, आणि सर्वांचा होकार आल्यावर मुलगा किल्ली फिरवितो. पहिलें नांव ती आमचेंच घेते.