अब्बांच्या कॉफीचे माप

आमच्या घरी सगळे चहावाले. कॉफी फक्त अब्बांची, म्हणजे माझ्या सासऱ्यांची. नोकरीची बरीच वर्षे मंगळूरला गेली, तिथली ही सवय. इशाची नमाज झाली की स्टीलच्या फिल्टरमधली एक पेला कॉफी ठरलेली. गेल्या वर्षी त्यांची रात्रीची झोपच उडाली. डॉक्टरांनी कॉफी कमी करायला सांगितले. अब्बा कुणाला काही बोलले नाहीत, पण इशानंतर रिकामा पेला घेऊन बसलेले मला दिसायचे.

त्यातच पावडर संपली. मी कोपऱ्यावरच्या दुकानातून एक पाकीट आणले. एक घोट घेऊन ते म्हणाले, "बेटा, यात कॉफी किती आहे?" पाकीट उलटून पाहिले. बारीक अक्षरांत लिहिले होते : कॉफी ५३ टक्के, चिकोरी ४७ टक्के. ही तर सरळ भेसळ, असे वाटून मी चिडले.

सुट्टीत नणंदेकडे मुंबईला गेले, तेव्हा अब्बांची पावडर जिथून यायची त्या माटुंग्याच्या दुकानात गाऱ्हाणे घेऊन गेले. दुकानदार काका हसले. चिकोरी हे एक मूळ. ते भाजून दळतात, त्याने कॉफीला रंग आणि दाटपणा येतो. कॉफी निदान ५१ टक्के हवी आणि दोन्हींचे प्रमाण पाकिटावर छापलेले हवे, असा कायदाच आहे. म्हणजे पाकिटाने मला फसवले नव्हते, मीच वाचले नव्हते. मुलांना "प्रश्न नीट वाचा" म्हणून ओरडणारी मी!

मग त्यांनी एकेक डबा उघडून दाखवला. प्लँटेशन ए म्हणजे धुऊन वाळवलेल्या अरेबिकाच्या मोठ्या बिया. वास छान, चव किंचित आंबट. पीबेरी वाटाण्यासारखी गोल. एरवी एका फळात दोन चपट्या बिया असतात, क्वचित एकच वाढते, ती ही. रोबस्टा कडू आणि दाट.

या सगळ्या एकत्र भाजत नाहीत. आकार वेगळा, ओलावा वेगळा. एक करपेल तोवर दुसरी कच्ची राहील. म्हणून पुष्कळ जण आधी वेगवेगळ्या भाजतात आणि मग मिसळतात. आपण मसाल्याला धने, खोबरे, तीळ एका कढईत एकदम टाकतो का? मिरचीही रंगाला बेडगी आणि तिखटाला लवंगी घेतो, तसेच हे. पुन्हा दर हंगामाचे पीक सारखे नसते. यंदा अरेबिका जास्त आंबट निघाली तर तिचा वाटा थोडा कमी करायचा. गिऱ्हाइकाला चव तीच लागते, आतले माप मात्र बदललेले असते. हे बदल पेल्यात पावडर घेऊन, वर गरम पाणी ओतून, चमच्याने सुर्र करून चाखत ठरवतात. काकांनी करूनही दाखवले. आवाज मोठा येतो.

मिश्रणांतले जुने नाव मोका-जावा. येमेनच्या मोका बंदरातून येणारी फळांच्या वासाची कॉफी आणि जावा बेटावरची भारदस्त कॉफी. गंमत अशी की जावात डचांनी कॉफीची रोपे नेली ती सतराव्या शतकाच्या अखेरीस आपल्या मलबार किनाऱ्यावरून. आणि आपल्याकडे ती कशी आली? हजहून परतताना बाबा बुडन यांनी येमेनहून सात बिया लपवून आणल्या आणि चिकमगळूरच्या डोंगरात लावल्या, असे सांगतात. त्या डोंगराला आजही त्यांचेच नाव आहे. म्हणजे मोका-जावा हे एका अर्थी घरातल्याच दोन नातलगांचे मिश्रण.

मी झोपेचे सांगितले, तशी काकांनी अब्बांची जुनी चिठ्ठी काढली. निम्मा रोबस्टा! रोबस्टात अरेबिकाच्या जवळजवळ दुप्पट कॅफीन असते. "तो काढून टाकू," काका म्हणाले, "पण मग कॉफी पातळ लागेल, त्यांना रुचणार नाही. चिकोरी घालू. तिच्यात कॅफीन नसतेच." जिच्यावर मी रागावले होते तीच! प्लँटेशन चाळीस, पीबेरी चाळीस, चिकोरी वीस, असे माप ठरले.

डॉक्टरांना विचारून आता कॉफी असरनंतर, अर्धा पेला. पहिल्या दिवशी अब्बांनी डोळे मिटून घोट घेतला. "कडूपणा कमी पडतो," म्हणाले. थोड्या वेळाने म्हणाले, "पण वास डोंगरातला आहे." आणि पेला पुन्हा पुढे केला. मी नाही दिला.