शिक्षा की शिक्षण?

भोपाळच्या आनंद नगरहून आमच्या अंकासाठी एक लेख आला आहे. रायसेन रोडवरची संध्याकाळ त्यात अगदी जिवंत उतरली आहे. शेवटी लेखिकेनं आपलं नाव लिहून खोडलं आहे आणि शेजारी बारीक अक्षरात कारण दिलं आहे: ‘माझी मराठी चुकते.’

ती ओळ वाचून मला वाईट वाटलं. भोपाळची आपली मुलं घरी मराठी बोलतात, पण शाळेत हिंदी गिरवतात. लिपी एकच, त्यामुळे चूक पटकन दिसत नाही. हिंदीतली ‘शिक्षा’ मराठीत दंड होते, ‘चेष्टा’ म्हणजे प्रयत्न, तो आपल्याकडे थट्टा ठरतो. आत्मा हिंदीत स्त्रीलिंगी, मराठीत पुल्लिंगी! अशा अडखळण्यात लाज कसली? दोन भाषा एकाच जिभेवर नांदतात, तिथे हे होणारच.

अशा दोन भाषा एकाच घरातही नांदल्या आहेत. श्योपूरला मराठी घरात १९१७ साली जन्मलेले कवी गजानन माधव मुक्तिबोध हिंदीत लिहू लागले. १९४३च्या ‘तारसप्तक’ या हिंदी कवितासंग्रहात त्यांच्यासोबत ग्वाल्हेरचे प्रभाकर माचवेही होते. मुक्तिबोधांचे धाकटे बंधू शरच्चंद्र मात्र मराठीत लिहीत राहिले आणि १९७९ साली साहित्य अकादमी पुरस्काराचे मानकरी ठरले. मला या घराचं फार अप्रूप वाटतं.

आनंद नगरचा तो लेख पान सातवर आहे. ऱ्हस्व-दीर्घ आम्ही सुधारलं, लेखिकेची वाक्यं तशीच ठेवली. नावाचं काय करायचं, असं फोन करून विचारलं, तेव्हा ताई थोडा वेळ गप्प राहिल्या. मग म्हणाल्या, ‘नाव छापा.’