लढत जिवाणूशी, निर्णय विकरापाशी

प्रतिजैविकांना दाद न देणाऱ्या जिवाणूंविरुद्धच्या राष्ट्रीय कृती आराखड्याचा दुसरा टप्पा (२०२५-२९) केंद्र सरकारने नोव्हेंबर २०२५ मध्ये जाहीर केला. पहिला आराखडा २०१७ मधील होता. या प्रश्नावरील चर्चा बहुधा औषधे मनमानी घेणाऱ्या रुग्णापासून सुरू होते आणि तिथेच थांबते. लढतीचा मोठा भाग मात्र बीटा-लॅक्टमेझ नावाच्या विकरांपाशी, म्हणजेच एन्झाइमांपाशी, ठरत असतो. आराखड्याचे मूल्यमापनही त्यांना वगळून करता येणार नाही.

विकर म्हणजे अमिनो आम्लांची विशिष्ट रीतीने दुमडलेली साखळी. या घडीत तयार होणाऱ्या खोबणीत ठरावीक रेणूच बसतो आणि तिथेच त्याची रासायनिक क्रिया वेगाने घडते. जिवाणू आपली पेशीभित्तिका अशाच विकरांकरवी विणतो. पेनिसिलिनचा रेणू भित्तिकेच्या घटकासारखा दिसतो; त्यामुळे विकर फसते, त्याला धरते आणि धरल्यावर सुटू शकत नाही. विणकाम थांबते, भित्तिका फुटते. माणसाच्या पेशीला अशी भित्तिकाच नसल्याने तिला या औषधाची झळ पोहोचत नाही. थोडक्यात, पेनिसिलीन हे मुळात एक विकर-रोधकच आहे.

जिवाणूचे उत्तरही विकराचेच आहे. बीटा-लॅक्टमेझ हेही पेनिसिलिनला खोबणीत घेते. पण पाण्याच्या साह्याने त्याचे वलय तोडून लगेच मोकळे होते. काही प्रकारांत असा एक रेणू सेकंदाला हजाराच्या घरात पेनिसिलिनचे रेणू निकामी करतो. अब्राहम आणि चेन यांनी या विकराची नोंद १९४० मध्येच केली होती, म्हणजे पेनिसिलीन सर्वत्र वापरात येण्याआधी. हे आव्हान अनपेक्षित होते, असे म्हणण्याची सोय आपल्याला उरत नाही.

त्यावर तोड निघाली ती क्लॅव्ह्युलॅनिक आम्लाची. हा रेणू जिवाणूला फारसा मारत नाही. विकराच्या खोबणीत शिरून ती अडवून धरतो आणि त्याच्या आडोशाने अमॉक्सिसिलीन आपले काम करते. याच मालिकेतील एनमेटाझोबॅक्टम हा रोधक चेन्नईच्या ऑर्किड कंपनीने शोधला. सेफेपिमसह त्याच्या वापराला अमेरिकेच्या औषध प्रशासनाने फेब्रुवारी २०२४ मध्ये मूत्रमार्गाच्या गुंतागुंतीच्या संसर्गासाठी मान्यता दिली. भारतीय संशोधनाच्या दृष्टीने ही घटना मोठीच आहे.

तिची मर्यादाही तितकीच स्पष्ट आहे. ज्या विकरांच्या खोबणीत सेरीन हे अमिनो आम्ल काम करते, त्यांतील अनेकांना हा रोधक अडवतो. एनडीएम या विकराच्या खोबणीत मात्र जस्ताचे अणू असतात. ते पाण्याकडून थेट वलय तोडवून घेतात. रोधकाला चिकटायला सेरीन तिथे नसतेच. हे विकर कार्बापेनेमसारखी राखीव औषधेही निकामी करते. भारतात उपचार घेतलेल्या एका स्वीडिश रुग्णाच्या नमुन्यातून २००९ मध्ये त्याचे वर्णन झाले आणि नावात नवी दिल्ली आल्याने २०१० मध्ये मोठा वाद पेटला. त्या वादाला जितकी शाई खर्ची पडली, तितकी जस्ताच्या या अडचणीला पडली नाही.

झायडेबॅक्टम हा मुंबईच्या वोखार्ट कंपनीचा रेणू वेगळा मार्ग धरतो. जस्ताच्या विकराला अडवण्याऐवजी तो भित्तिका विणणाऱ्या दुसऱ्या एका विकराला जखडतो आणि सेफेपिमचा घाव अधिक खोल करतो. शत्रूची ढाल फोडण्यापेक्षा दोन बाजूंनी वार करण्याचा हा डाव शास्त्रीयदृष्ट्या अधिक आश्वासक वाटतो.

मात्र कोणता रेणू कोणत्या रुग्णाला द्यायचा, हे त्याच्या शरीरातील जिवाणूकडे कोणते विकर आहे यावर अवलंबून आहे. नमुना वाढवून औषधाची चाचणी करण्यास नेहमीच्या पद्धतीने दोन-तीन दिवस लागतात. अनेक लहान रुग्णालयांत ही सोयच नसते. तोवर अंदाजाने सुरू केलेले औषध चुकले, तर रुग्णाचे मोलाचे दिवस जातात आणि वाचलेल्या जिवाणूंना नव्या रोधकाविरुद्ध निवड होण्याची संधी मिळते. चिठ्ठीशिवाय प्रतिजैविके न विकण्याचा नियम केरळने कडकपणे राबवायला सुरुवात केली आहे आणि ते स्वागतार्हच आहे. तथापि दुकानातील शिस्तीइतकाच पैसा जिल्हा रुग्णालयांतील सूक्ष्मजीवशास्त्र प्रयोगशाळांवर खर्च होतो का, हे नव्या आराखड्याच्या अंमलबजावणीत पहिल्याच वर्षी तपासले पाहिजे.