दर्यापूरचे कार्ड, मूर्तिजापूरचे कार्ड

गेल्या महिन्यात जुम्याच्या नमाजनंतर मशिदीच्या दाराशी पुन्हा रुमाल पसरला गेला. आमच्याच मोहल्ल्यातील एका हमालाच्या बायकोच्या हृदयाची झडप बदलायची होती. लोकांनी दिले, आपले लोक अशा वेळी हात आखडत नाहीत. आम्हीही दिले. घरी येताना त्या भावाला सहज विचारले, राशन कार्ड कोणते? म्हणाला, केशरी. योजनेत विचारले का? म्हणाला, "सर, वो अपने को नहीं मिलता."

कोणी सांगितले, ते त्याला ठाऊक नव्हते. झडपेची शस्त्रक्रिया महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत बसते, आणि केशरी कार्डाला ती पहिल्यापासून लागू आहे. रुमालात जमलेले पैसे घेऊन तो खासगी दवाखान्यात अनामत भरायला निघाला होता.

दुसऱ्या दिवशी स्टाफरूममध्ये ही गोष्ट काढली, तर वादच पेटला. आमचे एक सहकारी म्हणाले, सरकारने विम्याच्या भानगडीत पडूच नये. तोच पैसा दवाखाने बांधायला लावावा. दुसऱ्या सरांचा भाचा अमेरिकेत टेक्सासला असतो. ते म्हणाले, अहो, एवढा श्रीमंत देश, आणि तिथे सरकारने लोकांना विमा द्यावा की नाही यावरच अजून भांडण चालू आहे. आपल्याकडे निदान ते तरी संपले. आम्ही गप्प बसलो होतो. आम्हाला २०१२ चा हिवाळा आठवत होता.

आमच्या दोन खाला. थोरली दर्यापूरला दिलेली, धाकटी मूर्तिजापूरला. दोन गावांमध्ये त्या काळी शकुंतला गाडी रमतगमत धावायची. दर्यापूर अमरावती जिल्ह्यात, मूर्तिजापूर अकोल्यात, याचे दोघींच्या संसारात कधी काही महत्त्व नव्हते. ईदेला कोण कोणाकडे जाणार, एवढाच काय तो प्रश्न.

२ जुलै २०१२ रोजी राज्य सरकारने राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना सुरू केली. पहिल्या टप्प्यात फक्त आठ जिल्हे होते: गडचिरोली, अमरावती, नांदेड, सोलापूर, धुळे, रायगड, मुंबई आणि मुंबई उपनगर. पिवळ्या व केशरी कार्डाच्या कुटुंबाला वर्षाला दीड लाखापर्यंतचे उपचार, एकूण ९७१ प्रकारचे. हप्ता सरकार भरणार. त्या यादीत अमरावती होते, अकोला नव्हते.

त्या हिवाळ्यात दोन्ही खालूजान आजारी पडले. आजार एकच, हृदयाची नळी बंद. थोरल्यांचे काम अमरावतीला झाले. खाट, तपासण्या, औषधे, दोन वेळचे जेवण, आणि सुटी होताना एस.टी.चे घरापर्यंतचे भाडेसुद्धा योजनेतून. खाला ते तिकीट सगळ्यांना दाखवत फिरायची. हे पाहून धाकट्यांनाही अमरावतीलाच नेले. खिडकीवरच्या आरोग्यमित्राने कार्ड उलटेसुलटे पाहिले आणि म्हणाला, "कार्ड तं बरोबर आहे काका, पण जिल्हा अकोला आहे." त्या पोराचा काही दोष नव्हता. खाला त्याला म्हणत राहिली, "बेटा, मेरी सगी बहन है वो, दर्यापूर की." जणू बहिणीच्या कार्डावर भाऊजींचा इलाज व्हायला हवा होता.

ऑटो विकला, खालाच्या बांगड्या गेल्या, उरलेले उसने. योजना २१ नोव्हेंबर २०१३ पासून सगळ्या महाराष्ट्रात लागू झाली, म्हणजे अकोल्यातही. तोवर खालूजान दुसऱ्याचा ऑटो भाड्याने चालवू लागले होते. कर्ज पुढे पाच वर्षे फिटत होते.

टेक्सासचा विषय निघाला म्हणून आम्ही थोडे वाचून काढले. अमेरिकेत ट्रूमन राष्ट्राध्यक्ष असताना, १९४५ मध्ये, सर्वांसाठी सरकारी आरोग्य विम्याचा प्रस्ताव आला. तिथल्या डॉक्टरांच्या संघटनेने तो हाणून पाडला. म्हणे, हा समाजवाद आहे. वीस वर्षांनी, ३० जुलै १९६५ रोजी, जॉन्सन यांनी म्हाताऱ्यांसाठी मेडिकेअर आणि गरिबांसाठी मेडिकेड आणले. कायद्यावर सही करायला ते ट्रूमन यांच्या गावी गेले आणि पहिले कार्ड त्यांच्याच हातात दिले. मग २०१० मध्ये ओबामांचा कायदा आला. त्यात असे ठरले की, आधीपासून आजार आहे म्हणून कंपनीला कोणाला विमा नाकारता येणार नाही, आणि मेडिकेड जास्त लोकांना मिळेल. विरोधक कोर्टात गेले. २८ जून २०१२ रोजी तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने कायदा राखला, पण मेडिकेड वाढवायचे की नाही हे ज्या त्या राज्यावर सोडले. शेजारच्या लुईझियानाने पुढे वाढवले, टेक्सासने नाही.

तारखा पाहा. तिकडचा निकाल आणि आमच्या अमरावतीची योजना यांत चार दिवसांचे अंतर. तिथेही दोन बहिणी असतीलच, एक सीमेच्या अलीकडे, एक पलीकडे. फरक एवढाच की अकोल्याला वाट पाहावी लागली ती सोळा-सतरा महिने. टेक्सासचा गरीब माणूस अजून पाहतो आहे. रुमालही तिथे पसरतात, इंटरनेटवर.

आता आमच्या पहिल्या सहकाऱ्यांचे म्हणणे. ते अगदीच चुकीचे नाही. योजना मोठ्या आजाराला, ऑपरेशनला धावून येते. रोजच्या साखरेच्या आणि बीपीच्या गोळ्या, ताप, खोकला, यांना ती नाही, आणि घर तर याच खर्चाने हळूहळू पोखरले जाते. त्यासाठी सरकारी दवाखानाच लागतो. १५ ऑगस्ट २०२३ पासून सार्वजनिक आरोग्य विभागाच्या दवाखान्यांत केसपेपरसकट उपचार मोफत झाले. पण इर्विनच्या किंवा डफरीनच्या रांगेत ज्याने सकाळ घालवली आहे, त्याला माहीत आहे की मोफत असणे वेगळे आणि वेळेवर मिळणे वेगळे. खासगी रुग्णालये म्हणतात, योजनेचे दर परवडत नाहीत, बिले उशिरा निघतात. मग "योजनेची खाट शिल्लक नाही" असे ऐकू येते, किंवा एखादी तपासणी बाहेरून करून आणायला सांगतात. आमच्या एका नातेवाइकाकडून असे पैसे घेतले गेले. १५५३८८ या क्रमांकावर तक्रार केल्यावर परत मिळाले. हे सगळे खरे. तरी आम्ही त्या सरांना एवढेच विचारले: दवाखाना बांधून होईपर्यंत खालूजानने काय करायचे होते? (त्यांना आणि आम्हाला, अनुदानित शाळेतले म्हणून, वैद्यकीय प्रतिपूर्ती मिळते. बिल पास व्हायला वर्ष लागले तरी मिळते. त्यामुळे तत्त्वाचा वाद घालायला आम्ही मोकळे.)

काही घरांत वेगळी अडचण असते. विमा जायज की नाजायज? बाजारातल्या विम्याबद्दल उलमांमध्ये मतभेद आहेत. ज्यांच्यावर भरवसा आहे त्या मुफ्ती साहेबांना जरूर विचारा. पण विचारताना पूर्ण माहिती द्या: या योजनेत कुटुंब एक रुपयाही हप्ता भरत नाही, सगळे सरकार भरते. अर्धवट प्रश्न विचारून अर्धवट उत्तर घेतलेली घरे आम्ही पाहिली आहेत.

मधल्या काळात योजना बरीच बदलली. २०१७ मध्ये तिला महात्मा फुलेंचे नाव मिळाले. मग केंद्राच्या आयुष्मान भारतशी जोडली गेली. १ जुलै २०२४ पासून मर्यादा दीड लाखावरून पाच लाख झाली आणि पांढऱ्या कार्डालाही दार उघडले. ऑक्टोबर २०२४ पासून सत्तर वर्षांवरील प्रत्येकाला, उत्पन्न कितीही असो, आयुष्मानचे वेगळे कार्ड मिळते. म्हणजे जिल्ह्याची भिंत गेली, कार्डाच्या रंगाचीही गेली. आता उरली नावाची, आणि ही भिंत आपल्या घरांत जास्त उंच आहे.

राशन कार्डावर "शमीम बी", आधारवर "शमीम बानो शेख युसूफ". एकीकडे "शे. रहीम", दुसरीकडे "अब्दुल रहीम". सून येऊन सहा वर्षे झाली, दोन मुले झाली, पण तिचे नाव अजून परतवाड्याला बापाच्या कार्डावर. धान्य मिळते आहे ना, मग कशाला तहसीलच्या चकरा! आणि रात्री दोनला छातीत दुखले की आरोग्यमित्रासमोर दोन कागद दोन वेगळ्या बायांचे निघतात. त्या हमालाचेही हेच होते. कोणीतरी कधीतरी नावावरून परत पाठवले असणार, त्याचे "अपने को नहीं मिलता" झाले. आम्ही त्याच्यासोबत गेलो. वॉर्डाच्या नगरसेवकांचे पत्र, प्रतिज्ञापत्र, तहसील, असे नऊ दिवस लागले. शस्त्रक्रिया योजनेतून झाली, अलहम्दुलिल्लाह. अनामत परत मिळाली. ती त्याने मशिदीत आणून दिली, आणि ती कोणाला परत करायची यावर आता कमिटीत वाद आहे.

नववीच्या मुलांना आम्ही सांगितले आहे की, शनिवारी राशन कार्ड आणि घरातल्या सगळ्यांच्या आधारच्या झेरॉक्स आणा. नावे जुळवणे हा उर्दू आणि मराठी शुद्धलेखनाचाच तास आहे, असे समजा. पहिल्या शनिवारी अर्ध्या वर्गाच्या घरी काही ना काही निघाले. एकीच्या घरी तर आईचे नाव कोणत्याच कार्डावर नव्हते. ती मुलगी म्हणाली, "सर, अम्मी बीमार नहीं पडती." सोमवारी तिच्या अब्बांना घेऊन तहसीलला जायचे आहे. ते मूर्तिजापूरहून येतील, पहिल्या एस.टी.ने.