दोन ‘झ’, एकच चरा

पुण्यात या आठवड्यात आणखी एका नव्या मिसळीच्या दुकानावर ‘जुनी’ पाटी चढली. ‘झणझणीत’ हा शब्द हातभर उंच, जाडजूड, कडा कुरतडलेल्या, मध्ये शाई न लागल्यासारखे पांढरे चट्टे. जुन्या वळणाची दणकट अक्षरं मला आवडतात, हे नेहमीच्या वाचकांना ठाऊक आहे. चीड येते ती संगणकाच्या फॉन्टमध्येच आयती भरलेल्या या खोट्या झिजेची. दोन्ही ‘झ’च्या पोटात एकाच जागी एकच चरा, दोन्ही ‘ण’चा काना एकाच ठिकाणी तुटलेला.

खरी झीज अशी नसते. डॅरियस वेल्सनं १८२८ मध्ये न्यूयॉर्कमध्ये लाकडी टाइपांचा नमुनासंग्रह काढला, तेव्हापासून मोठाल्या भित्तिपत्रकांसाठी लाकडी ठसे सर्रास वापरले गेले. त्यांच्या कोपऱ्यांना मार बसे, दाब कमी पडला की लाकडाचे रेषे कागदावर उमटत. एका शब्दात तेच अक्षर दोनदा आलं तर दोन वेगळे ठसे लागत, आणि प्रत्येकाची जखम वेगळी. शिवाय सगळी अक्षरं सारखी झिजत नाहीत. शिशाच्या खिळ्यांतही राबणारा काना आधी थकतो, क्वचित लागणारा ‘ढ’ बराच काळ कोरा राहतो. फॉन्टमध्ये मात्र ‘ढ’ही कान्याइतकाच जर्जर! वापराचा मागमूस नसलेली ही झीज म्हणजे नुसता मेकअप आहे.

झिजेचा हा सारखेपणा टाळता येतो. एरिक व्हान ब्लोकलंड आणि जस्ट व्हान रॉसम यांनी १९९० च्या सुमारास ‘बेओवुल्फ’ या फॉन्टमध्ये छापताना दरवेळी अक्षराची कड बदलेल अशी सोय केली होती. ब्लोकलंड यांच्या मळक्या टंकयंत्री ‘ट्रिक्सी’च्या पुढच्या आवृत्तीत एकेका अक्षराला अनेक रूपं मिळाली. देवनागरीत जोडाक्षरांमुळे शेकडो आकार काढावे लागतात, त्यामुळे प्रत्येकाची तीन-तीन रूपं करणं जिकिरीचं, हे मान्य. पण देवनागरीतच ही काळजी जास्त हवी. प्रत्येक अक्षराची शिरोरेषा सुटी सुटी खरवडली, तर सांध्यावर चरा मध्येच कापल्यासारखा थांबतो. शाईचा खोटा शिंतोडा शिरोरेषेवर पडला की वाचणाऱ्याला तो अनुस्वार वाटतो, आणि खरा अनुस्वार त्या गर्दीत हरवतो. म्हणून अशी अक्षरं फक्त मोठ्या शीर्षकाला, टी-शर्टला, नाटकाच्या भित्तिपत्रकाला वापरा. मेनूकार्डावरच्या दरांना तर मुळीच नकोत.

झीज हवीच असेल, तर स्वच्छ जाड अक्षरात शब्द जुळवा, संगणकावर त्याचं फॉन्टमधून नुसत्या आकारांत रूपांतर करून घ्या आणि संपूर्ण शब्दावरून एकच पोत फिरवा. मग चरा शिरोरेषेवरून एका अक्षरातून दुसऱ्यात सरळ जातो, जसा खऱ्या पाटीवर जातो.

माझं खरं मागणं मात्र वेगळं आहे, आणि ते मी पुन्हा मांडणार. कमल शेडगे यांनी ‘रायगडाला जेव्हा जाग येते’सारख्या नाटकांची नावं हातानं रेखली. त्या अक्षरांचा दरारा वळणातून यायचा, ओरखड्यांची त्यांना गरज नव्हती. शेडगे २०२० मध्ये गेले, पण ब्रशनं पाट्या रंगवणारे पेंटर आपल्या गावोगावी अजून आहेत. दुकानदारांनो, पुढची पाटी त्यांच्याकडून लिहून घ्या आणि ती उन्हापावसात आपोआप जुनी होऊ द्या.