शूलपाणीच्या झाडीत लुटलं कुणाला?

पुण्यात आमच्या ऑफिसातलं कुणी ना कुणी दरवर्षी स्कॉटलंडला जाऊन येतं. स्काय बेटाचे कडे, समुद्राकाठच्या पायवाटा, धुकं, एखाद्या लेखकाचं घर. ऐकायला मलाही आवडतं. पण मी नंदुरबार जिल्ह्यातल्या धानोऱ्याचा आहे हे कळलं की त्याच मंडळींचा प्रश्न येतो, "तिकडचा सातपुडा एकदम अनएक्सप्लोर्ड ना?"

अनएक्सप्लोर्ड! दर दिवाळीला हजारो माणसं अश्वत्थाम्याच्या दर्शनासाठी अस्तंब्याचा १,३२५ मीटर उंचीचा डोंगर चढतात. पायात ब्रँडेड बूट नसले की त्याला ट्रेक म्हणायचं नाही, एवढाच काय तो फरक.

साहित्यात हा मुलूख आलाच नाही, असंही नाही. जिल्ह्याच्या उत्तरेला नर्मदा आहे, आणि नर्मदा परिक्रमेवर मराठीत पुस्तकांची रांग आहे. गोनीदांची 'कुणा एकाची भ्रमणगाथा' त्यातलीच, आणि ती वाचावीच. पण परिक्रमेच्या गोष्टींत शूलपाणीची झाडी आली की एक प्रसंग ठरलेला असतो. भिल्ल येतात, परिक्रमावासीयाचं सगळं काढून घेतात, त्याला लंगोटीवर सोडतात. वाचणारा शहारतो, मग त्यातही मैयाची कृपा शोधतो. भिल्लाचं काम तेवढंच. त्याला नाव नाही, घर नाही, शेत नाही.

त्याचं घर आणि शेत कुठं गेलं ते सांगतो. सरदार सरोवराच्या बुडितात महाराष्ट्रातली ३३ गावं आली, सगळी अक्कलकुवा आणि अक्राणी तालुक्यांतली. मणिबेली त्यात पहिलं. २०१७ साली धरणाचे दरवाजे बंद झाले, उंची १३८.६८ मीटर. काठची शेतं, जंगल, देवाच्या जागा पाण्याखाली गेल्या. परिक्रमावासीयाचं कांबळं गेलं त्यावर आपण पानंच्या पानं वाचली. गावं गेली त्यावर आपल्या कपाटात काय आहे?

स्कायच्या शेजारी रासे नावाचं छोटं बेट आहे. तिथलं हॅलेग हे गाव एकोणिसाव्या शतकात जमीनदारानं मेंढ्यांसाठी रिकामं केलं. त्याच बेटावर जन्मलेल्या सॉर्ली मॅक्लेननं १९५४ साली गेलिक भाषेत त्यावर कविता लिहिली. आज हॅलेगच्या वाटेवर दगडांच्या स्मारकावर ती कोरलेली आहे. चालणारा थांबतो, वाचतो, आणि हे सुंदर माळरान मुळात रिकामं नव्हतं हे त्याला कळतं.

आपल्याकडे कवी नाहीत म्हणून हे अडलेलं नाही. शहाद्याच्या श्रमिक संघटनेत काम केलेल्या वाहरू सोनवणे यांचा 'गोधड' १९८७ साली आला. तोरणमाळला जाणाऱ्या किती गाड्यांमध्ये तो असतो? तोरणमाळच्या रील्स मात्र मी मोजायच्या सोडून दिल्यात.

"पर्यटन आलं तर लोकांना रोजगार मिळेल," हे उत्तर मला पाठ आहे. मिळेलही. पण हॉटेलाचा मालक बाहेरचा आणि भांडी घासणारा इथला, असला रोजगार असेल तर तो आमच्या लोकांना नवा नाही. होडी, होमस्टे, वाटाड्याचं काम आधी बुडित गावांच्या हाती द्या, मग बोलू.

आणि बॅकवॉटरचा ड्रोन शॉट टाकताना खाली 'व्हर्जिन' लिहू नका. पाण्याखाली कुठलं गाव आहे ते लिहा. माहीत नसेल तर नावाड्याला विचारा, आणि भाड्यासाठी त्याच्याशी घासाघीस करू नका.